पेशंट बरळायला लागला की नातेवाईक कुठे हवेत?

वयस्कर माणसाचं खुब्याचं ऑपरेशन व्यवस्थित होतं आणि दुसऱ्या रात्री तेच माणूस सलाइन उपटून पलंगावरून उतरायला बघतं. पोटच्या मुलाला ओळखत नाही, भिंतीवर मुंग्या दिसतात, सिस्टर औषधातून विष घालतेय असा संशय येतो. नात्यात असं कुणाचं झालं की आमच्या फॅमिली ग्रुपवर काय चर्चा होणार, हे मला आता तोंडपाठ आहे. एकजण म्हणतो, भूल जास्त दिली. दुसरा म्हणतो, पूर्ण भूल हवीच कशाला, कमरेतल्या इंजेक्शनवर भागलं असतं. वडीलधारे काका ‘या वयात कापाकापी करायलाच नको होती’ एवढं लिहून गप्प होतात. आणि आयसीयूत डॉक्टर असलेला माझा आतेभाऊ शेवटी येऊन सांगतो, ‘नातेवाईकांची गर्दी हटवा, पेशंट आपोआप शांत होतो.’

मी स्कॉटलंडमध्ये हाडांच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट आहे. पहिल्या तिघांना मी थोडक्यात उत्तर देऊ शकते. अमेरिका आणि कॅनडात खुबा मोडलेल्या १६०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना कमरेतून भूल दिली होती, निम्म्यांना पूर्ण. डिलिरियम, म्हणजे हा अचानक होणारा भ्रम, दोन्हीकडे २० टक्क्यांच्या आसपासच राहिला. तेव्हा भूलतज्ज्ञाला धारेवर धरून फार काही हाती लागत नाही. काकांना एवढंच सांगते, की मोडलेला खुबा तसाच ठेवला तर वेदना आणि अंथरुणाला खिळणं वाट्याला येतं, आणि ही दोन्ही भ्रमाला आमंत्रण देणारीच आहेत.

खरं भांडण आहे ते आतेभावाशी. ‘शांत’ या शब्दावर तो फार विसंबतो. डिलिरियमचा एक प्रकार आरडाओरड्याचा, तो सगळ्यांना दिसतो. दुसऱ्यात माणूस नुसता पडून राहतो, हाक मारली तर डोळे उघडतो, घास तोंडात तसाच धरून ठेवतो. घरचे म्हणतात, दमलेत, झोपू दे. राउंडवरचे डॉक्टर म्हणतात, त्रास काही नाही. लघवी तुंबलेली असते, छातीत जंतुसंसर्ग सुरू झालेला असतो, सोडियम उतरलेलं असतं, आणि मेंदू तेवढंच सांगत असतो.

शिवाय हा आजार लपंडाव खेळतो. सकाळी दहाच्या राउंडला आजोबा डॉक्टरांना नमस्कार करून ‘बरा आहे’ म्हणतात आणि सातनंतर आपण घरीच आहोत समजून दार शोधायला लागतात. रात्री काय झालं ते मुलगी सकाळी सांगते, तेव्हा ती घाबरट ठरते.

इथे आम्ही ‘फोर एटी’ नावाची चाचणी वापरतो. ती एडिनबरामध्येच तयार झाली. दोन मिनिटांचं काम: माणूस जागा-सावध आहे का, वय-जन्मतारीख-ठिकाण-साल सांगतो का, डिसेंबरपासून महिने उलटे म्हणतो का. चौथा प्रश्न असतो, वागण्यात अचानक बदल झालाय का, तो कमीजास्त होतो का. पहिल्या तिन्हींत माणूस तरून गेला तरी या एका ‘हो’चे चार गुण मिळतात, आणि डिलिरियमचा संशय धरायला चारच लागतात. आता हे ‘हो’ म्हणणार कोण? परवा पहिल्यांदा पेशंटला भेटलेली सिस्टर? त्याला आधीपासून ओळखणारा माणूस आतेभावाच्या आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेला असतो. त्याला आत बोलावतात ते बहुधा औषधांची चिठ्ठी हातात द्यायला.

इकडे सगळं सुरेख आहे असं मुळीच नाही. ब्रिटनमध्येही भेटीच्या वेळा कडक होत्या. जॉन जेरार्ड या अल्झायमर झालेल्या डॉक्टरांना २०१४ मध्ये पायाच्या जखमांसाठी दाखल केलं, घरच्यांना फारसं भेटू दिलं नाही, आणि ते पार खंगून घरी परतले. त्याच वर्षी ते गेल्यावर मुलगी निकी जेरार्ड यांनी मैत्रिणीबरोबर ‘जॉन्स कॅम्पेन’ सुरू केली: स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाजवळ त्याच्या माणसाला राहू द्या. आज अनेक हॉस्पिटलं ते मानतात. पण माझ्या वॉर्डात कित्येकांना बोलवावं असं कुणी नसतंच. मुलगा फोनवर भेटतो, तोही ऑफिस सुटल्यावर. तुमच्याकडे माणसं आहेत आणि ती दाराबाहेर बसवलीत, हे मला इथून पाहवत नाही.

आतेभावाच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण घरचेही कमी नसतात. पाचजण पलंगाभोवती एकदम बोलतात. ‘अहो, असं काय करता, हा तुमचा मुलगा नाही का?’ असा उलटतपास घेतात. ‘उठू नका, पडून राहा’ म्हणतात, मग मी ज्या पायाला चालतं करायचं तो आठवडाभर गादीवरच. वर ‘झोपेचं इंजेक्शन द्या हो’ हा धोशा. दारूची सवय मोडल्यामुळे आलेला भ्रम सोडला तर झोपेच्या नेहमीच्या गोळ्या-इंजेक्शनांनी डिलिरियम चिघळू शकतो. (त्या दारूबद्दलही भूलतज्ज्ञाला आधी कुणी खरं सांगत नाही.)

आणि ती पिशवी! ऑपरेशनला नेताना चष्मा, कवळी, कानातलं यंत्र काढून पिशवीत घालतात, नातेवाईकांच्या हाती देतात आणि ते हरवू नये म्हणून घरी कपाटात ठेवतात. ऐंशी वर्षांचा माणूस भुलीतून जागा होतो तो धूसर दिसणाऱ्या, आवाज न पोचणाऱ्या खोलीत. त्याला विचारतात, ‘आजोबा, कुठे आहात?’ काय सांगणार तो? अमेरिकेत येल विद्यापीठात शॅरन इनूये यांनी अशाच साध्या गोष्टींचा कार्यक्रम केला: चष्मा-यंत्र देणं, पाणी पाजणं, चालवणं, रात्री झोपू देणं, दिवस-ठिकाण आठवून देणं. सत्तरीपुढच्या रुग्णांत डिलिरियमचं प्रमाण १५ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. १९९९ चा हा अभ्यास ऑपरेशनच्या रुग्णांचा नव्हता, पण यातलं कुठलं काम ऑपरेशननंतर करता येत नाही?

आतेभाऊ जंतुसंसर्गाचं आणि रात्रीच्या अपुऱ्या सिस्टरांचं कारण देतो. दुसरं कारण तर माझ्याच बाजूचं आहे. सिस्टर कमी म्हणून तर रात्री पेशंटचे हात बांधावे लागतात. इथे वॉर्डात हात बांधत नाहीत, पण नळ्या ओढणाऱ्याला जाड हातमोजे चढवतात, तेव्हा मी फार ताठ मानेने बोलू नये. माझं मागणं छोटं आहे: एकच माणूस, रोज तोच, हात धुऊन, ठरलेल्या वेळी, आणि काम सांगून. संध्याकाळचे दोन तास मिळाले तरी चालतील.

आयसीयूत हे शक्य नाही, यावर तो अजून ठाम आहे. मग मी संमतीपत्राचा विषय काढला. रक्तस्राव, संसर्ग, हृदयविकार सगळं त्यात वाचून दाखवतात. वयस्करांत ऑपरेशननंतर सर्वांत जास्त आढळणारी गुंतागुंत म्हणजे डिलिरियम. ती कितीदा सांगतात? ‘दोन-तीन दिवस असं होऊ शकतं, वेड नाही, बदल दिसला की सांगा’ एवढं आधी बोललं तर निदान भूलतज्ज्ञाची सुटका होईल. याला मात्र तो लगेच कबूल झाला. यात आयसीयूत खुर्ची टाकावी लागत नाही ना.