ठाण्याच्या पावसात विंटर टायर कशासाठी?

पावसाळा तोंडावर आला की ठाणे आणि नवी मुंबईतल्या गाडीवाल्यांकडे एक संदेश हमखास येतो. त्याचा आशय असा: ताकदवान गाडीला मिळणारे समर टायर फक्त कोरड्या रस्त्यासाठी असतात, म्हणून जूनपूर्वी ते उतरवून विंटर किंवा निदान ऑल-सीझन टायर चढवावेत, जर्मनीत तर विंटर टायर सक्तीचे आहेत, त्यांच्या नक्षीच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा जास्त असल्याने पाणी पटकन निघून जाते, शिवाय पकड वाढावी म्हणून हवा आठ पीएसआयने कमी ठेवावी. आमच्या सोसायटीतले एक काका हा सल्ला मानून चार टायरांचे पैसे मोजायला निघाले होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली चूक नावापासूनच आहे. 'समर' म्हणजे उबदार हवामान, मग रस्ता कोरडा असो वा ओला. या टायरच्या रबरात ओल्या रस्त्यावरची पकड वाढवण्यासाठी सिलिका मिसळलेली असते, आणि रुंद उभ्या खोबणी पाणी मागे फेकण्यासाठीच असतात. शर्यतीच्या ट्रॅकसाठी बनवलेले, जेमतेम नक्षीचे टायर कोणी रोज वापरत असेल, तर त्याच्यापुरती ही भीती खरी आहे. बाकीच्यांना ती लागू नाही.

जर्मनीचा दाखला अर्धवट आहे. तिथली सक्ती तारखेवर नसून रस्त्याच्या अवस्थेवर आहे: बर्फ, गोठलेले दहिवर किंवा बर्फाचा चिखल असेल तेव्हा विंटर टायर हवेत. त्या रबराची उपयुक्तता साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली सुरू होते, असे टायर व्यवसायात धरले जाते. मुंबईत सांताक्रूझला नोंदलेले आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश आहे, आणि ते जानेवारी १९६२ मधले. आपला पाऊस तर पंचवीस अंशांच्या आगेमागे पडतो. जानेवारीत मनालीच्या वर गाडी नेणाऱ्याची गोष्ट वेगळी.

चिरांचा मुद्दा वरवर सर्वांत पटणारा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. खोडरबराला ब्लेडने जवळजवळ चिरा पाडून ते कागदावर दाबून ओढले, तर त्याच्या पाकळ्या वाकतात आणि रबर वळवळते. विंटर टायरच्या बारीक चिरा बर्फात कडा रुतवण्यासाठी असतात आणि थंडीतही लवचीक राहणाऱ्या रबराला त्या शोभतात. उबदार रस्त्यावर मात्र तेच मऊ ठोकळे ब्रेक दाबताच दुमडतात, थांबण्याचे अंतर वाढते, स्टिअरिंगला उशिरा प्रतिसाद मिळतो आणि नक्षी झपाट्याने झिजते. दोनशेच्या वर अश्वशक्तीच्या गाडीत हे फार जाणवते.

ऑल-सीझन टायर इतके अयोग्य नाहीत. ते सहसा जास्त टिकतात, आणि शांतपणे चालवणाऱ्याला पुरतातही. पण त्या 'सर्व ऋतूं'मध्ये हिमवर्षाव धरलेला आहे, कोकणातला मुसळधार पाऊस नाही. त्या हिमासाठी रबरात केलेली तडजोड आपण विनाकारण विकत घेतो. बाजूवरचे 'एम प्लस एस' हे चिखल-बर्फाचे चिन्हही उत्पादकाने स्वतः केलेली घोषणा आहे, ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगचे प्रमाणपत्र नव्हे.

हवा कमी करण्याचा सल्ला मात्र धोकादायक आहे. नासाने १९६० च्या दशकात मांडलेल्या ढोबळ सूत्रानुसार, साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. नक्षी गेलेल्या टायरसाठी ३२ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो, तर २४ पीएसआयला सुमारे ८२. अटल सेतूवर मोटारींना १०० ची परवानगी आहे, हे लक्षात घेतले की या बारा किलोमीटरची किंमत कळते. शिवाय २२५/४० मापाच्या (रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ४० टक्के) टायरची बाजूची भिंत जेमतेम नऊ सेंटीमीटर उंच असते. कमी हवेने घोडबंदर रस्त्यावरच्या पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यात चाक आदळले, तर ती भिंत रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी तिथे फुगा दिसतो.

संदेशाने विचारायला हवा होता तो प्रश्न त्यात नाहीच: नक्षी किती उरली आहे? मोटारीसाठी कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण नव्या टायरला सुमारे आठ मिलिमीटर असते आणि पाणी बाहेर टाकण्याची ताकद त्या मर्यादेच्या कितीतरी आधी ओसरते. मी स्वतः तीन मिलिमीटरला टायर बदलतो. काकांची गाडी जॅकवर घेतली तेव्हा मागचे दोन्ही टायर बाहेरून ठीक दिसत होते. आतल्या कडेवरून हात फिरवला तर अगदी गोटा. चाकांचे अलाइनमेंट (चाके सरळ रेषेत असणे) बिघडलेले होते. बाजूवरचे चार आकडी उत्पादन-सप्ताह आणि वर्ष पाहिले, तर टायर सात वर्षांचे निघाले. त्यांनी त्याच मापाचे, तेवढ्याच भार आणि वेग निर्देशांकाचे चार समर टायर घेतले, अलाइनमेंट करून घेतले आणि चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढी हवा, टायर थंड असताना, भरली.