झेरॉक्सवर बंदूक विकत नाहीत: निफाडच्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमचे दोन आक्षेप बरोबर निघाले आणि ते कायद्याच्या पुस्तकातून नीट बघून मगच लिहायचं ठरवलं होतं.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की आपल्याकडे कुठलीच बंदूक ऑनलाइन मागवता येत नाही, परवानाधारक दुकानातूनच घ्यावी लागते. त्यावर निफाड तालुक्यातल्या या द्राक्षबागायतदार वाचकांनी लिहिलं: "ताई, तुमच्या वडिलांचं बंदुकीचं दुकान होतं म्हणून तुम्ही दुकानदारांची वकिली करता. माझा मावसभाऊ टेक्सासमध्ये वेबसाइटवर रायफल घेतो, चार दिवसांत हातात. आपल्याकडेसुद्धा एअरगन कुरियरनं घरी येते. विकणारा आणि घेणारा दोघांकडे परवाना असेल तर मधे दुकान कशाला? कट्टेवाल्यांना कोण परवाना विचारतं? रात्री बागेत बिबट्या येतो तेव्हा तुमचा कायदा कुठं असतो? माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांच्या दुनळीच्या नूतनीकरणाला मीच फेऱ्या मारतोय."

आधी माझ्या चुका. 'कुठलीच बंदूक' हे शब्द चुकले. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या एअरगनचा बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरपेक्षा जास्त नाही आणि जिची ताकद २० ज्यूलच्या आत आहे, तिला परवाना लागत नाही. नेमबाजी शिकणारी आपली मुलं दहा मीटरवर जी एअर रायफल वापरतात ती यातच बसते. तेव्हा ती घरी येते हे तुमचं म्हणणं खरं. मात्र मागवण्याआधी हे दोन आकडे बघा. बावीसच्या (०.२२ इंच) बोअरची, किंवा २० ज्यूलच्या वरची 'पॉवरफुल' एअरगन कुणी विनापरवाना देतो म्हणाला तर तो तुम्हाला अडचणीत टाकतोय. आणि परवाना लागत नाही म्हणून पक्ष्यांवर चालवायला मोकळीक मिळाली असंही नाही. हे तुम्हाला उद्देशून नाही, पण तुमच्या भागातलंच आहे म्हणून लिहिते: चापडगावच्या मनोऱ्यावरून नांदूर मध्यमेश्वरचं पाणी बघताना, काठावर एअरगन घेऊन फिरणारी पोरं मी स्वतः पाहिली आहेत. ते अभयारण्य आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिथं छर्‍याची ताकद किती ज्यूल हे कुणी विचारणार नाही, थेट वन्यजीव कायदा लागेल.

दुसरी चूक मोठी. दोन परवानाधारकांमध्ये दुकानाशिवाय व्यवहार होऊ शकतो, हे मी लिहायलाच हवं होतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्येच ती सोय आहे. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीर ठेवलेलं हत्यार तुम्ही दुसऱ्या परवानाधारकाला विकू शकता, त्यासाठी विक्रीचा वेगळा परवाना लागत नाही. पण त्याआधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळचं पोलीस ठाणं यांना लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा, आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस थांबायचं. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून गिऱ्हाईक शोधलं आणि त्याच आठवड्यात गाडीच्या डिकीतून रायफल पोचवली, तर दोघांकडे परवाने असूनही तो गुन्हा आहे. मुदत कशासाठी, तर कुणाचा परवाना अजून जिवंत आहे हे तपासायला कार्यालयाला वेळ मिळावा म्हणून.

आता 'मधे दुकान कशाला' याचं उत्तर. हे मी पुस्तकातून शिकले नाही, गल्ल्यावर बसून शिकले.

बाबांचं दुकान जुन्या नाशकात होतं. मी बारावीत असल्यापासून साठावही आणि विक्रीवही लिहायला बसत असे. दुकानाच्या परवान्यावर जागेचा पत्ता असतो, ती जागा सोडून दुसरीकडे विक्री करता येत नाही. एका वेळी किती हत्यारं, किती काडतुसं ठेवायची तेही लिहिलेलं असतं. आलेल्या प्रत्येक बंदुकीचा नळीवरचा नंबर मी वहीत उतरवायचे, बाबा तो परत नळीवरून वाचायचे, मी वहीवरून ताडायचे. तपासणीला अधिकारी येत तेव्हा कपाटातली काडतुसं आणि वहीतला आकडा जुळावाच लागे. एकदा पाच काडतुसं कमी भरली, तर बाबांनी रात्री अकरापर्यंत सगळे खोके उपसले. ती एका उघड्या पाकिटात सापडली. मी कंटाळले होते. ते मात्र तोंडातून शब्द न काढता मोजत होते.

त्या वर्षीची गोष्ट. दुसऱ्या जिल्ह्यातले एक गृहस्थ आले, कपडे चांगले, बोलणं अदबीचं. त्यांना रिव्हॉल्व्हर बघायचं होतं, पैसे रोख आणले होते, आणि परवान्याची झेरॉक्स होती, शिक्का मारून सही केलेली. मूळ पुस्तिका 'नूतनीकरणाला दिलीय' म्हणाले. बाबांनी चहा मागवला आणि सांगितलं, मूळ परवाना आणा, तोवर वस्तू बाजूला काढून ठेवतो. गृहस्थ चिडले, दुसऱ्या दुकानात जातो म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी बाबांनी त्या जिल्ह्याच्या कार्यालयात फोन लावला. त्यांचा परवाना दोन महिन्यांपूर्वीच निलंबित झाला होता. घरातल्या माणसानंच तक्रार केली होती. मूळ पुस्तिका जमा होती, झेरॉक्स मात्र त्याआधीची होती. तिच्यावर कुठं लिहिलेलं असणार की हा कागद आता मेला?

म्हणून सांगते भाऊ, पैसे मोबाइलवरून भरा, बंदूक आणि किंमत वेबसाइटवर बघा, कुठं कुठला माल आहे ते फोनवर विचारा, परवान्याचा अर्जसुद्धा आता ऑनलाइन होतो, त्याला माझी काहीच हरकत नाही. पण हत्यार हातात येतं त्या क्षणी समोर असा माणूस असला पाहिजे, ज्याचा स्वतःचा परवाना पणाला लागलेला आहे. त्यानं मूळ परवाना हातात घेऊन बघायला हवा, त्यावर नोंद करायला हवी, आपल्या वहीत नंबर लिहायला हवा. ते काम कुरियरच्या पोराचं नाही. याला तुम्ही वकिली म्हणा, मी ती मनापासून करते.

टेक्सासच्या मावसभावाला एकच विचारा: ती रायफल त्यांनी कुठून उचलली? दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून वेबसाइटवर घेतलेली बंदूक तिकडेही घरच्या दारात येत नाही. ती जाते त्यांच्या गावातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे. तिथं जाऊन ओळखपत्र दाखवायचं, ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, आणि १९९८ पासून सुरू असलेल्या केंद्रीय यंत्रणेत तुमची गुन्हेगारी नोंद तपासली गेली की मगच बंदूक मिळते. हे आधी नव्हतं. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींवर जी रायफल चालली ती शिकागोच्या एका दुकानातून टपालानं, खोट्या नावानं मागवलेली होती. दुर्बिणीसकट किंमत वीस डॉलरच्या आत. पाच वर्षांनी, १९६८ मध्ये, त्यांनी कायदा करून टपालाची ती वाट बंद केली आणि मधे परवानाधारक दुकानदार आणून बसवला. तुम्ही ज्याला अडथळा म्हणता तो अमेरिकेनं एवढी किंमत मोजून उभा केलाय. त्यांच्याकडे फटी आहेतच. एकाच राज्यातल्या दोन खासगी माणसांच्या व्यवहाराला केंद्राचा कायदा ही तपासणी सक्तीची करत नाही, आणि तपासणीचं उत्तर तीन कामकाजाच्या दिवसांत आलं नाही तर दुकानदार विक्री करू शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ माणसं मारणाऱ्याला पिस्तूल असंच मिळालं होतं. त्यांच्याकडून शिकायचं तर हेही शिकू या.

कट्ट्याबद्दलचा तुमचा राग मला समजतो, तो माझाही आहे. राज्याच्या सीमेपलीकडून येणारा गावठी कट्टा परवाना विचारत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा हत्यार बनवणं-विकणं याला किमान सात वर्षं आणि वर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, तरी तो येतो. पण त्यामुळे परवान्याच्या बंदुकीची नोंदही सैल करावी, हे मला पटत नाही. कट्ट्याला नंबर नसतो, कुणाच्या नावावर तो नसतो, म्हणून तर तो वापरला जातो. नोंद सैल झाली तर नंबर असलेल्या बंदुकाही तशाच फिरू लागतील.

आणि 'ऑनलाइन पिस्तूल' हे आपल्याकडे प्रत्यक्षात काय असतं तेही सांगते. माझ्या भाच्याचा एक मित्र, बावीस वर्षांचा, सोशल मीडियावरच्या एका पानावर अडकला. पिस्तुलाचे फोटो, 'ऑल इंडिया डिलिव्हरी', आधी आठ हजार भरा. भरले. मग 'पोलिसांना द्यायला' अजून पाच. तेही भरले. तिसऱ्यांदा मागितले तेव्हा तो थांबला, तर समोरच्यानं त्याचेच मेसेज त्याला पाठवले: पैसे दे, नाहीतर हे नाशिक पोलिसांकडे जातील. पोरगा पंधरा दिवस जेवला नाही. तक्रार करायला जावं तर आपणच बेकायदा हत्यार मागवलं होतं हे आधी सांगावं लागणार. शेवटी वकिलाला बरोबर घेऊन तो गेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. अशा पानांना तुम्ही 'पर्याय' समजू नका एवढीच विनंती. सायलेन्सर किंवा बंदुकीचे सुटे भाग मागवणंही तितकंच धोक्याचं, कारण कायद्याच्या व्याख्येत ते 'बंदूक' या शब्दातच येतात.

बिबट्याबद्दल मी जपून लिहिते, कारण रात्री पाणी द्यायला बागेत तुम्ही जाता, मी नाही. स्वतःचा जीव वाचवताना सद्भावनेनं केलेला वार वन्यजीव कायदा गुन्हा मानत नाही. पण शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे बिबट्या मारायचा परवाना नव्हे, तो त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेला प्राणी आहे. आणि अंधारात, वेलींच्या मांडवाखाली, बारा बोअरचा बार कुणाला लागेल याची खात्री कोण देणार? शेजारच्या बागेतही माणूस पाणीच देत असतो. शेतीला दिवसा वीज द्या ही तुमची मागणी मला बंदुकीपेक्षा जास्त कामाची वाटते आणि मी त्यावर स्वतंत्र लिहीन. तोवर वनखात्याचा १९२६ हा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या.

परवान्याला लागणारा उशीर मात्र मी नाकारत नाही. नियमांत पोलिसांच्या अहवालाला आणि त्यानंतर निर्णयाला मुदत घालून दिलेली आहे. नकार आला तर कारण लेखी मागता येतं आणि शस्त्र कायद्याच्या कलम १८ खाली अपील करता येतं. बरेच जण तोंडी 'नाही' ऐकून परत येतात, तसं करू नका. तुम्ही ग्रामीण हद्दीत, म्हणजे तुमचं काम जिल्हाधिकारी कार्यालयात. शहरातल्यांचं पोलीस आयुक्तालयात. चुकीच्या दारात फाइल पडून राहिल्याची उदाहरणं बाबांच्या दुकानात दर महिन्याला यायची.

राहिली तुमच्या वडिलांची दुनळी. खरं तर तुमच्या प्रतिक्रियेत मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीची वाटली. नूतनीकरणाला बंदूक घेऊन तुम्ही एकटे जात असाल तर वडिलांच्या सहीचं अधिकारपत्र खिशात हवंच. ते असेल तर कलम ३ प्रमाणे तुम्हाला ती तेवढ्यापुरती नेता येते. नसेल तर रस्त्यात अडवल्यावर ती विनापरवाना बंदूक ठरते, मग वडिलांचा परवाना कितीही जुना असो. आणि दुसरं, वाट बघत बसू नका. परवानाधारकाचं वय सत्तर झालं, किंवा हत्यार त्यांच्याकडे पंचवीस वर्षं झाली, की त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावानं परवाना मागता येतो. तुमच्या बाबतीत वयाची अट तर आठ वर्षांपूर्वीच पूर्ण झाली. वडिलांचं संमतीपत्र, भावंडं असतील तर त्यांची ना-हरकत, परवान्याची मूळ पुस्तिका आणि त्यावरचा यूआयएन नंबर (परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक), एवढं काढून ठेवा. तुमच्या नावावर आधी एखादं हत्यार असेल तर एकूण दोनची मर्यादा लक्षात घ्या. २०१९ पासून वारशानं आलेलंही त्यातच मोजतात.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी नाशिकमध्येच आहे. कागद घेऊन आलात तर अर्ज बरोबर बसून भरू, वडिलांनाही आणा.