विहीर लवकर आटवायची? मग एवढं करा

मार्चातच विहिरीचा तळ दिसावा अशी मनापासून इच्छा असेल, तर निम्मं काम आभाळानं करून ठेवलंय. हवा 1 अंशानं तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून पाऊस आधी तीन आठवडे खंड देतो आणि मग एका रात्रीत हिशेब चुकता करतो. मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात मोठ्या पट्ट्यावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. अरबी समुद्र एवढ्या लांबून बाष्प पाठवतोय, तर आपणही थोडा हातभार लावायला नको का?

तुमची खरी शत्रू म्हणजे झड. चार-चार दिवस रिपरिप, बैल गोठ्यात, माणसं ओसरीवर, अन् पाणी गुपचूप वावराच्या पोटात. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती पहिलं पाणी घटाघटा पिते. मग फुगते, भेगा मिटतात आणि तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत घेते. झडीचा वेग तिला झेपायचा. तासाला 60 मिलिमीटर कोसळलं की वरचं पाणी वाट शोधतं. ती वाट तुम्ही द्यायची.

पेरणी उताराच्या दिशेनंच करा. ट्रॅक्टरची वळणं वाचतात आणि पिकाचं प्रत्येक तास, म्हणजे पेरलेली ओळ, एक छोटा नाला होते. धुरा, म्हणजे बांध, नांगरून टाका, कपाशीची दोन तासं वाढतात. एका एकरावर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 4 लाख लिटर, म्हणजे 10 हजार लिटरचे 40 टँकर. हे सगळं सकाळपर्यंत नाल्यात गेलं पाहिजे. जाताना वावरातली माती खालच्या बंधाऱ्यात बसते आणि तोही उथळ होतो, हा नफा वेगळा. उताराला आडवं पेरा, बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) वापरा असं सांगायला कोणी आलाच, तर चहा पाजून वाटेला लावा.

आता बोअर. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी बहुतेक वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत असतं. भूजल कायद्यानं 60 मीटरची मर्यादा घातली आहे, म्हणजे साधारण 200 फूट. तुम्ही 600 मारा. केसिंग, म्हणजे बोअरच्या भोकातला पाइप, वरच्या मुरमापुरतंच टाका. खालचं भोक उघडं राहिलं की विहिरीला येणारे झरे त्यात उतरू शकतात. तुमचे आणि शेजाऱ्याचेही. शेजारधर्म पाळायला हवा. विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात असाल तर खारं पाणी फुकट. तेच वावराला पाजा, माती दगडासारखी होईल आणि पुढच्या पावसाला आत शिरायचा त्रास नको.

बोअरमधून उपसलेलं पाणी 30 बाय 30 मीटरच्या शेततळ्यात भरून उन्हाला दाखवा. मे महिन्यात दिवसाला 10 मिलिमीटर उडालं तरी 9 हजार लिटर जातं. म्हणजे रोज जवळपास एक टँकर, तोही ड्रायव्हरशिवाय.

ऑक्टोबरात पेपरात बातमी येईल : जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस. ती कापून विहिरीच्या कठड्यावर चिकटवा. मार्चात टँकरसाठी ड्रम रांगेत लावताना वाचायला बरी पडते.