रिकामी खाट म्हणजे निवारा नव्हे

"निवाऱ्यात खाटा रिकाम्या असतात, तरी ही मंडळी फुटपाथवर झोपतात, म्हणजे त्यांनाच ते हवे असते." आज दुपारी ओळखीच्या एका गृहस्थांनी हे लिहिले आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. 'ही मंडळी' म्हणजे घरातून हाकलून दिलेली समलैंगिक आणि ट्रान्स, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाशी स्वतःची ओळख न जुळणारी, मुले.

माझी एक ट्रान्स मैत्रीण अशा रिकाम्या खाटेपर्यंत पोहोचली होती. ओळखपत्रावर जुने नाव असल्यामुळे तिची रवानगी पुरुषांच्या दालनात झाली, जिथे न्हाणीघराला आतून कडी नव्हती आणि दिवे मालवल्यावर शेजारच्या खाटांवरून तिच्या अंगाविषयी बोलणे सुरू झाले. मध्यरात्री ती तिथून निघाली आणि उजाडेपर्यंत बसथांब्यावर बसून राहिली. नोंदवहीत मात्र 'स्वेच्छेने गेली' एवढेच लिहिले गेले. तिला घराबाहेर काढणाऱ्या वडिलांची नोंद कोणत्या वहीत होते?

काय करावे हे कळत नाही, ही सबबही आता पुरे झाली. मार्शा जॉन्सन आणि सिल्व्हिया रिव्हेरा या अमेरिकी कार्यकर्त्यांनी स्वतः रस्त्यावर दिवस काढले होते, तरी १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये त्यांनी अशा मुलांसाठी घर चालवले. १९८९ मध्ये मँचेस्टरमध्ये अल्बर्ट केनेडी हा सोळा वर्षांचा मुलगा वाहनतळाच्या छतावरून पडून मरण पावला. त्याच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेने अशाच बेघर मुलांना आपुलकीने सांभाळणारी घरे शोधून दिली.

खाटा मुळातच अपुऱ्या आहेत आणि प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र दालन परवडणार नाही, हे मान्य. पण कडी बसवायला आणि माणसाने सांगितलेले नाव लिहून घ्यायला कोणता निधी अडला आहे?

माझी ती मैत्रीण आमच्याकडे राहायला आली, तेव्हा सुरुवातीला बूट घालूनच झोपायची, नाड्या बांधलेल्या आणि पिशवी उशाखाली. आईने तिला काहीही विचारले नाही, फक्त आतल्या खोलीची किल्ली तिच्या हातात दिली. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी ते बूट दाराशी दिसले. हे लिहिताना माझा राग थोडा निवळतो, पण त्या गृहस्थांचे वाक्य आठवले की पुन्हा उसळतो.

तुमच्यापैकी जे निवाऱ्यांना देणगी देतात, त्यांनी पुढच्या वेळी एवढे विचारावे, की रात्री एखादी ट्रान्स व्यक्ती आली तर तिला कोणत्या दालनात पाठवायचे हे कोण ठरवते. उत्तर 'ओळखपत्र पाहून' असे आले, तर ते बदलेपर्यंत पैसे हातातून सोडू नका.