गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आणि लशीबद्दल फिरणारा मेसेज: खुलासा

आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय, की एचपीव्हीची (म्हणजे ज्या विषाणूने हा कॅन्सर होतो त्याची) लस घेतली की मुली वांझ होतात आणि हा कॅन्सर "वाईट चालीच्या" बायकांनाच होतो. दोन्ही साफ खोटं आहे.

लशीत जिवंत विषाणू नसतोच, त्याच्या वरच्या कवचासारखं प्रोटीन असतं, त्यामुळे ना इन्फेक्शन होतं ना मूल होण्यात काही अडचण येते. आणि एचपीव्ही इतका कॉमन आहे की एकाच नवऱ्याबरोबर आयुष्य काढलेल्या बाईलाही होतो, मग चालीचा प्रश्न आलाच कुठे? बहुतेकींच्या अंगातून तो आपोआप जातो, काहींच्या राहतो आणि दहा-पंधरा वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. एवढा वेळ हातात असतो, म्हणून तपासणी.

मागे आमच्याकडे कातकरी वाडीत कॅम्प होता, रायगडातच, तेव्हा एक मावशी दारातूनच परत चाललेली, म्हणाली लाज वाटते गो. नर्सताईंनी आत नेऊन दाखवलं, कापसाच्या बोळ्याने पातळ व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी, बास. दुखत नाही, थोडं चुरचुरतं.

उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला, 2009 ला छापून आला. एकदाच एचपीव्ही टेस्ट (विषाणू आहे का ते बघणारी) केलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. गावातल्याच बायका होत्या त्या.

लस 9 ते 14 वयात सगळ्यात चांगली, पण घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच. आणि पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं किंवा संबंधानंतर गेलं, तर गणपती होऊ देत मग बघू असं नका करू गो.