नकाशावरची तुटक रेषा

मृगाचा पाऊस पडला की पेरणीआधी देवराईत नारळ वाढवायचा, हा आमच्या घरचा रिवाज आहे. आज सकाळी त्यासाठी आईला घेऊन निघालो आणि अर्ध्या वाटेवरून परत आलो. ओढ्यापलीकडच्या रानात दिवाळीत प्लॉटिंग झाले, तेव्हाच आमच्या पायवाटेवर तारेचे कुंपण पडले होते. रखवालदाराने विचारले, "आजी, कोणाकडे जायचंय?" चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई नारळ आणि कुंकवाची पुडी हातात धरून म्हणाली, "देवाकडे." त्या बिचाऱ्यालाही पुढे काय बोलावे, ते सुचले नाही.

घरी येऊन गाव नकाशाची प्रत काढली. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग आणि एकेरी तुटक रेषा म्हणजे सव्वाआठ फुटांचा पायमार्ग, हे गावात मोजणी पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. आमची वाट त्या नकाशावर स्पष्ट दिसते. तरीही शेताला बिनशेती परवानगी देताना ही रेषा कोणालाच कशी दिसली नाही?

जमीन प्लॉटिंगवाल्यांनी पैसे मोजून घेतली आहे, हे मान्य. आमच्याच भावकीने बांध कोरून कितीतरी पाणंदी गिळल्या, हेही मान्य. पण म्हणून नकाशावरची सार्वजनिक वाट कोणाच्या खरेदीखतात जात नाही.

सर्वांत जास्त संताप येतो तो उपाय शोधायला गेल्यावर. जमीन महसूल संहितेचे कलम १४३ शेतकऱ्याला बांधावरून स्वतःच्या शेतात जाण्यासाठी रस्ता देते. आईचे देवराईत शेत नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली वहिवाटीचा अडवलेला रस्ता खुला करून मागता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. कुंपण दिवाळीत पडले आणि आम्हाला ते मृगात कळले! मे २०२५ मध्ये शासनाने शेतरस्ते शक्यतो तीन ते चार मीटर रुंद करून त्यांची सातबाऱ्यावर नोंद घेण्याचा निर्णय घेतला, तो चांगलाच आहे. मात्र त्यात विचार आहे तो ट्रॅक्टरचा. सरपणाची मोळी घेऊन येणाऱ्या बाईच्या, शाळेत चालत जाणाऱ्या पोरांच्या, गुराख्याच्या आणि देवाला निघालेल्या म्हातारीच्या वाटेची नोंद कोण घेणार?

विकास आराखड्यात बारा आणि अठरा मीटरचे रस्ते ठळक रंगवलेले असतात, पायवाटा मात्र त्यात उतरतच नाहीत. गाव नकाशावरची प्रत्येक तुटक रेषा आधी आराखड्यावर उतरवावी, तिची जागेवर मोजणी करून दगड लावावेत आणि तोवर त्या जमिनीच्या गटात एकही बिनशेती परवानगी देऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.

दुपारी आईला म्हटले, नारळ घरच्या देवापुढे वाढवू. तिने तो पदराआड घेतला आणि म्हणाली, "त्याचा आहे, त्याला तिथंच मिळू दे." ती वाट तिने लग्न होऊन आल्यापासून पायाखाली घातली आहे; अंधारातही कुठे दगड आहे आणि कुठे करवंदीची जाळी, हे तिला ठाऊक असते. कुंपणाशी ती रागावली नाही, नुसती उभी राहिली, आणि तेच मला दिवसभर सोसवत नाही.

येत्या ग्रामसभेत वाट खुली करण्याचा ठराव मी मांडणार आहे. गावच्या मित्रांनो, मुंबई-पुण्यात असलात तरी त्या दिवशी या, आणि या वाटेने चाललेल्या आपापल्या घरच्या जुन्या माणसांना सोबत आणा. वहिवाट सांगायला तीच माणसे लागतील.