हवामानाअभावी पाहुणचार

सिंगापुरात राहणाऱ्या ब्रिटिश कुटुंबांकडे जानेवारीत पाहुणे येतात, हे इतके ठरलेले आहे की या शहराला स्वतःचे ऋतू नसले तरी आम्हाला पाहुण्यांवरून महिना ओळखता येतो. नाताळ उरकला, इंग्लंडमधल्या लोकांना दुपारी चारलाच दिवे लावण्याचा वीट आला, की वर्षभर शुभेच्छापत्रापलीकडे न गेलेल्या नातेवाइकांना एकाएकी आमची आठवण येऊ लागते. या घरात कागदोपत्री मीही ब्रिटिशच आहे. जन्म सांगलीचा, लग्न इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या मुलाशी, तिथल्याच लीड्स शहराच्या पावसात काही वर्षे काढल्यावर हाती आलेला निळा पासपोर्ट, आणि आता नवऱ्याच्या नोकरीपायी विषुववृत्तापाशी मुक्काम, असा माझा प्रवास असल्यामुळे दोन्हीकडचे पाहुणे माझ्याच वाट्याला येतात.

त्यांतले सांगलीचे पाहुणे सोपे. त्यांना व्हिसा काढावा लागतो एवढीच काय ती कटकट. एकदा आले, की आईबाबांना मुस्तफा सेंटर या अवाढव्य दुकानाच्या दारात सोडावे आणि दुपार आपली समजावी. बाबा प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत करून हळहळतात, आई इथल्या कोथिंबिरीला वास नाही असे दिवसातून दोनदा सांगते, आणि कुणाचे काय दुखते, काय खुपते हे सगळ्या घराला वेळच्या वेळी कळत राहते. यजमानाला याहून मोठे सुख नाही.

ब्रिटिश पाहुणा मात्र तक्रार करत नाही. जेवण तिखट झाले, गादी टोचली, गुडघा ठणकला, मुलाने सहा महिन्यांत फोन केला नाही, यांपैकी कशाचीही तो वाच्यता करत नाही. त्याच्या मनातली सगळी खदखद तो हवामानावर काढतो. “काय ही हवा!” या एका वाक्यात त्याचे सरकार, त्याची रेल्वे, त्याचा जावई आणि त्याची पाठ असे सगळे सामावलेले असते, आणि ऐकणाराही तितक्याच गांभीर्याने आभाळाकडे पाहून मान डोलावतो. या रिवाजाची मी तर जन्माची ऋणी आहे. त्या घरात सासऱ्यांना चक्क पहिल्या नावाने हाक मारण्याची पद्धत आहे, आणि सासरे खोलीत आले की आपसूक पदर सावरणाऱ्या बायकांत वाढलेल्या माझ्या जिभेला ते काही केल्या जमेना. हवामानाने माझी सुटका केली. मी हाक मारणेच बंद केले आणि प्रत्येक संभाषणाची सुरुवात थेट ढगांपासून करू लागले. “आज भरून आले आहे,” असे म्हटले की सासरे वळून पाहत आणि आमचे छान चालू होई. लीड्समध्ये विषय कधी तुटला नाही, कारण तिथे एका दुपारीत ऊन, धुके, गारा आणि पुन्हा ऊन असा सगळा ऐवज मिळतो.

सिंगापूर विषुववृत्ताच्या जेमतेम एक अंश वर आहे. सूर्य बारा महिने सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो. दुपारचा पारा रोज ३१ ते ३३ अंशांच्या आसपास, हवेत दमटपणा इतका की बिस्किटाचा पुडा फोडल्यावर दुसऱ्या बिस्किटाला कुरकुरीतपणाची हमी देता येत नाही. इथे नोंदलेले आजवरचे नीचांकी तापमान १९८९ सालच्या फेब्रुवारीतले, आणि ते १९ अंश आहे. हा आकडा मी सासऱ्यांना कौतुकाने सांगितला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. यॉर्कशरमध्ये १९ अंश झाले तर लोक शर्ट काढून बागेत पडतात.

तर यंदा सासूसासरे आले. तेरा-चौदा तासांच्या विमानप्रवासानंतर, बॅगेत दोनशे चाळीस टी-बॅगा घेऊन आले. पहिल्या सकाळी सासरे कप हातात घेऊन बाल्कनीत उभे राहिले, आभाळाकडे पाहिले आणि म्हणाले, “गरम आहे.” मी “हो” म्हटले. दुसऱ्या सकाळी ते म्हणाले, “आजही गरम आहे.” मी पुन्हा “हो” म्हटले. तिसऱ्या सकाळी त्यांनी तोंड उघडले, थोडा विचार केला आणि मिटले. मुक्काम तीन आठवड्यांचा होता आणि विषय संपला होता. नवऱ्याकडे पाहावे, तर त्याच्या कचेरीत नेमक्या याच दिवसांत अत्यंत महत्त्वाच्या बैठका निघाल्या होत्या. त्या दर जानेवारीतच निघतात.

विषय संपला तरी सोसायचे ते संपत नव्हतेच. जानेवारीत लंडनचे घड्याळ आठ तास मागे असते, त्यामुळे मध्यरात्री पाहुण्यांच्या पोटात दुपारचे चार वाजतात, आणि दुपारी चारला चहा न घेणे हे त्यांच्या संस्कारांत बसत नाही. रात्री बाराला स्वयंपाकघरात किटलीचा आवाज, पाठोपाठ कपाटाची दारे अतिशय हळू, म्हणजे सर्वांत जास्त करकरतील अशा बेताने उघडल्याचा आवाज, मग कुजबुज. मी उठून गेले की दोघेही ओशाळून माफी मागत, त्यांनी माफी मागितली म्हणून मी माफी मागे, आणि या माफीनाम्यांत साखर कुठे ठेवली आहे हे सांगायचे राहून जाई.

खरा तंटा झाला तो एसीवरून; अर्थात तंटा म्हणजे कुणी एक शब्दही उच्चारला नाही. यॉर्कशरची माणसे काटकसरीसाठी साऱ्या इंग्लंडात प्रसिद्ध आहेत. सासऱ्यांच्या घरी नोव्हेंबर उजाडल्याशिवाय हीटर लावत नाहीत. थंडी वाजली तर अंगावर आणखी एक स्वेटर चढवायचा, हा तिथला कायदा. इथे काढण्यासारखे अंगावर काही उरलेले नसतानाही त्यांनी तोच कायदा लागू केला. मी निजताना पाहुण्यांच्या खोलीतला एसी २५वर लावून यावा आणि त्यांनी दार लागताच तो बंद करून खिडक्या सताड उघडाव्यात, असे रोज चालले. सकाळी लालबुंद चेहऱ्याने, केस कपाळाला चिकटलेल्या अवस्थेत ते न्याहारीला येत. “झोप लागली ना?” “उत्तम.” ली क्वान यू यांनी सिंगापूरचे पंतप्रधान झाल्यावर सर्वांत आधी सरकारी कचेऱ्यांत एसी बसवले आणि या शहराच्या भरभराटीचे श्रेय त्या यंत्राला दिले, हा दाखला मी मोठ्या आशेने त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, “कचेरीत ठीक आहे. तिथे बिल सरकार भरते.” सांगलीत बाबाही रात्री घरभर फिरून पंखे आणि दिवे बंद करत असतात. या दोन व्याह्यांना एकमेकांची भाषा येत नाही, पण कधी एका घरात राहिले तर पहिल्याच संध्याकाळी सगळे अंधारात बसतील याची मला खात्री आहे.

सासूबाईंची व्यथा निराळी होती. कपडे वाळण्याजोगा दिवस उगवणे ही यॉर्कशरमध्ये अपूर्वाईची गोष्ट असते; ऊन पडले रे पडले की गल्लीतल्या बायका चिमट्यांची टोपली घेऊन बाहेर धावतात आणि कुंपणावरून एकमेकींचे अभिनंदन करतात. इथले सकाळचे झगझगीत ऊन पाहून त्यांच्यातली गृहिणी जागी झाली. मी भाजी घेऊन परत येईपर्यंत त्यांनी घरातल्या सगळ्या चादरी, उशांचे अभ्रे आणि दिवाणखान्याचे पडदे धुऊन बाल्कनीच्या कठड्यावर पसरले होते. इमारतीत कठड्याबाहेर कपडे लोंबू द्यायला मनाई असल्यामुळे रखवालदाराचा फोन आला, म्हणून ते सगळे आत घेतले. बाराला हात लावून पाहिले तर ते धुतले तेव्हा होते तसेच ओले. तीनला आभाळ काळे झाले, विजा कडाडल्या, तरणतलावावरच्या लोकांना बाहेर काढणारा भोंगा वाजला आणि पाऊस तिरपा होऊन बाल्कनीत घुसला. त्या रात्री आम्ही पडद्यांविना झोपलो. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “वारा असता तर वाळले असते.”

त्यांचे मन रमावे म्हणून मी त्यांना बोटॅनिक गार्डन्समध्ये नेले. १८५९ साली वसवलेली ही बाग २०१५ पासून जागतिक वारसा आहे आणि बागकामाची आवड असलेल्या कुणालाही ती आवडतेच. सासूबाईंनी लीड्सच्या घरात रेडिएटरपासून बेताच्या अंतरावर ठेवून, दर रविवारी एकेक पान ओल्या फडक्याने पुसून एक मनीप्लांट वाढवला आहे. त्याला गेल्या वर्षी नवे पान फुटले तेव्हा त्याचा फोटो आम्हाला आला होता. इथे एका भल्यामोठ्या झाडाच्या बुंध्यावरून तोच मनीप्लांट, कुणी पाणी न घालता, शेंड्यापर्यंत चढला होता आणि त्याला सुपाएवढी पाने होती. त्या बराच वेळ मान वर करून पाहत राहिल्या. बागेबद्दल नंतर विचारले तेव्हा “जरा अतिच आहे सगळे” असा अभिप्राय मिळाला. त्याच रात्री त्यांना खोलीत पाल दिसली. माझ्या मनात संशयाच्या पाली बरेच दिवस चुकचुकत होत्या, पण ही खरोखरीची होती आणि पडद्याच्या दांडीवर बसली होती.

सासऱ्यांचे तेज मात्र हॉकर सेंटरमध्ये प्रकट झाले. इथल्या या खाद्यगृहांची रीत अशी, की भर दुपारी जागा मिळवायची तर आधी टेबलावर टिश्यूचे छोटे पाकीट ठेवायचे आणि मग निर्धास्तपणे रांगेत उभे राहायचे. त्या दीड दमडीच्या पाकिटाला कुणीही हात लावत नाही. मी चिकन राइसच्या रांगेत असताना सासऱ्यांना रिकाम्या टेबलांवर विसरलेली पाकिटे दिसली. हरवलेली वस्तू मालकाला पोचवणे हे कर्तव्य मानणाऱ्या पिढीतले ते असल्यामुळे त्यांनी चार-पाच टेबलांवरची पाकिटे गोळा केली आणि चहाच्या गाळ्यावरच्या बाईंच्या हवाली केली. बाईंनी ती बहुधा बक्षीस समजून ठेवून घेतली. पुढची दहा मिनिटे वाफाळत्या ताटल्या हातात धरून आपापली टेबले शोधणारी, कपाळाला आठ्या घातलेली कचेरीतली मंडळी मी दुरून पाहत होते आणि आपण त्या गृहस्थांना ओळखत नाही असे भासवण्याचा प्रयत्न करत होते.

गाळ्यावर गेलोच आहोत तर चहा घ्यावा, म्हणून त्यांनी एक चहा मागितला. इथे नुसते ‘ते’ म्हटले की कपाच्या तळाशी बोटभर कंडेन्स्ड मिल्क ओततात, त्यावर काळाभोर उकळता चहा घालतात आणि चमच्याने ढवळून पुढे सरकवतात. साखर नको, साधे दूध हवे, तर त्याचे वेगळे शब्द आहेत आणि ते गाळ्यावरच्या बाईंच्या वेगाने म्हणता यावे लागतात. सासऱ्यांनी पहिला घोट घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही उमटले नाही, आणि ते किती कठीण गेले असेल हे फक्त मला ठाऊक. त्यांनी कप तळापर्यंत संपवला, “वेगळा आहे” म्हणाले आणि ट्रे परत ठेवायला उठले. २०२१ पासून इथे आपला ट्रे आपण उचलणे सक्तीचे आहे, आणि या शहरातली ही एकच गोष्ट त्यांना मनापासून पटली. त्यांनी आमचा ट्रे ठेवला, शेजारच्यांचा ठेवला, आणि अजून जेवत असलेल्या एका आजोबांच्या ट्रेला हात घातला तेव्हा मी त्यांना बाहेर नेले.

घरी संक्रांत आली. मी गुळाच्या पोळ्या केल्या. आमच्याकडे पाहुण्याने नको म्हटल्यावर खरे वाढायला सुरुवात होते, आणि त्यांच्याकडे यजमानाने पुढे केलेले नाकारणे असभ्य असते. या दोन सभ्यतांची गाठ पडल्यामुळे कुणालाच थांबता येईना. मी वाढत राहिले, ते खात राहिले. पाचव्या पोळीला त्यांच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत विनवणी होती, पण तोंडाने ते “फारच छान” म्हणाले, म्हणून मी सहावी वाढली आणि तिच्यावर तूप सोडले.

आणि मग ईशान्य मोसमी वाऱ्यांचा जोर वाढला. डिसेंबर-जानेवारीत कधी कधी असे होते: दिवसच्या दिवस पाऊस ओततो, वारा सुटतो आणि पारा २२पर्यंत उतरतो. सिंगापूरकर कपाटाच्या तळातून जाकिटे काढतात, टेबलावरच्या उकळत्या रश्शात शिजवून खायच्या हॉटपॉटच्या दुकानांपुढे रांगा लागतात. त्या सकाळी सासरे अर्ध्या चड्डीत बाल्कनीत बसले होते, समोर त्यांच्या गावचा चहा होता, तुषार अंगावर येत होते आणि मुद्रेवर अवर्णनीय समाधान होते.

“काय ही भिकार हवा!” ते म्हणाले.

“भयंकर,” मी खुर्ची ओढत म्हणाले.

बांध फुटला. आधी पाऊस झाला, मग वारा, मग गुडघा. गुडघ्यावरून रात्रीच्या उकाड्यावर आले. आल्यापासून आपला धड डोळा लागलेला नाही, चहा गोड होता, पोळ्या रुचकर पण अंमळ जड होत्या, आणि मुलगा एकदाही वेळेवर घरी येत नाही, हे सगळे त्यांनी आभाळाकडे पाहत सांगितले. मीही पावसाकडे पाहत सांगितले की किटलीने मला रोज जाग येते. इतके मनमोकळे आम्ही लग्नापासून कधी बोललो नव्हतो.

या आनंदात संध्याकाळी त्यांनी लीड्सला भावाला फोन लावला. इकडे कसा धो-धो कोसळतो आहे याचे रसभरीत वर्णन करून ते उत्तराची वाट पाहू लागले. भाऊ म्हणाला, इकडे दोन दिवस झाले, लख्ख ऊन आहे. जानेवारीत असे कुणी पाहिले नव्हते. सगळी गल्ली बाहेर पडली आहे, आणि तुझ्या बायकोच्या मैत्रिणीने तर चादरी वाळवल्या.

सासऱ्यांनी फोन ठेवला, आणि परतीच्या तिकिटाची तारीख अलीकडे आणायला किती पडतात याची मुलाकडे चौकशी केली. त्याने पाहून सांगितले. तो आकडा ऐकल्यावर ते उठले आणि आम्ही जेवत असतानाच घरातले दिवे एकेक करून बंद करत गेले.